दारोदार फिरलेला द्वारपाल : संत आंद्रे बेसेट

नोकरी जाणे हा प्रसंग एका दिवसाचा असतो. नोकरी नसणे हा मात्र महिनोन्‌महिने चालणारा वनवास असतो. पहिले काही दिवस नातेवाईक, शेजारी आणि धर्मग्रामातील मंडळी आपुलकीने विचारपूस करतात. पुढे ती विचारपूस कमी होते आणि जी होते ती टोचू लागते. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडण्याची सवय असलेला माणूस स्वतःच्याच घरात अवघडल्यासारखा वावरू लागतो. अर्ज जातात, उत्तरे येत नाहीत. मुलाखती होतात, बोलावणे येत नाही. पैशाची चणचण तर भासतेच, परंतु त्याहून खोल घाव बसतो तो स्वाभिमानावर. आपण कोणाच्याच उपयोगाचे उरलो नाही हा विचार मनात घर करतो. काही जणांना तर रविवारच्या मिस्सेला जाणेही नकोसे होते. कारण मिस्सा संपल्यावर चर्चच्या पटांगणात कोणीतरी हमखास विचारणार, की सध्या कुठे काम करता.

हा वनवास वयाच्या तेराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे तब्बल बारा वर्षे भोगलेला एक संत आपल्या ख्रिस्तसभेला लाभला आहे. त्यांचे नाव संत आंद्रे बेसेट. कॅनडा देशातील माँट्रियल शहरात ते ब्रदर आंद्रे या नावाने प्रसिद्ध होते. रोग्यांना बरे करणारे, संत जोसेफचे निस्सीम भक्त अशी त्यांची ख्याती जगभर आहे. तथापि, हे महापुरुष आयुष्याच्या उमेदीच्या काळात एकही काम धड टिकवू शकले नव्हते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बेकारीने खचलेल्या आपल्या बंधुभगिनींसाठी त्यांच्या चरित्रातील हाच भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. म्हणून त्यांची जीवनकथा आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

पोरके बालपण

९ ऑगस्ट १८४५ रोजी कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील सें-ग्रेग्वार या खेड्यात अल्फ्रेड बेसेट यांचा जन्म झाला. घरात फ्रेंच भाषा आणि कॅथलिक श्रद्धा दोन्ही पिढीजात होत्या. बाळ इतके अशक्त होते की ते जगेल अशी कोणाला आशा नव्हती. म्हणून जन्मताच घाईघाईने त्याला बाप्तिस्मा देण्यात आला. बाळ जगले, परंतु पोटाचे दुखणे त्याच्या पाचवीला पुजले ते कायमचे.

वडील इझाक सुतारकाम आणि लाकूडतोड करून मोठ्या कुटुंबाचा गाडा ओढत. १८४९ साली चार पैसे अधिक मिळतील या आशेने ते कुटुंब घेऊन फार्नहॅम या गावी आले. तेथे १८५५ साली जंगलात काम करीत असता कोसळत्या झाडाखाली सापडून त्यांचा अंत झाला. अल्फ्रेड तेव्हा नऊ वर्षांचा होता. आई क्लोतिल्दने मुलांना सांभाळण्याची शिकस्त केली, परंतु क्षयरोगाने तिलाही गाठले आणि १८५७ साली तीही देवाघरी गेली. मुले नातेवाइकांत विखुरली. बारा वर्षांचा अल्फ्रेड सें-सेझेर या गावी मावशी आणि तिचे पती टिमोथी नादो यांच्या आश्रयाला आला.

त्याचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. मोठेपणीही स्वतःची सही करणे आणि प्रार्थनेचे पुस्तक कसेबसे वाचणे यापलीकडे त्याची मजल फारशी गेली नाही. मात्र आईने दोन गोष्टी त्याच्या पदरात घातल्या होत्या : जपमाळेची गोडी आणि संत जोसेफवरील भक्ती. पोरक्या मुलाला हा मूक सुतार फार जवळचा वाटला असेल तर नवल नाही. त्याचे स्वतःचे वडीलही लाकडाशीच झुंजत वारले होते.

बारा वर्षे, दहा कामे

टिमोथी नादो हे कष्टाळू, खंबीर वृत्तीचे गृहस्थ होते. ज्या घरात खाणारी तोंडे अनेक, त्या घरात तेरा वर्षांच्या मुलाने हातपाय हलवलेच पाहिजेत, असा त्या काळचा रिवाज होता. त्यांनी अल्फ्रेडला एखादा धंदा शिकवावा म्हणून प्रयत्न केले. तो चांभाराकडे कामाला लागला. पण तासन्‌तास वाकून बसण्याने पोटाचे दुखणे बळावले. बेकरीत लागला, तेथेही अंगात बळ पुरेना. लोहाराच्या भात्यापुढे उभा राहिला, कल्हईवाल्याच्या हाताखाली राबला, शेतावर मजुरी केली, घोडागाडी हाकली. कामात तो कुचराई करीत नसे. परंतु शरीर साथ देत नसे. थोड्या दिवसांत मालकाच्या लक्षात येई की हा मुलगा प्रामाणिक असला तरी इतरांच्या निम्मेही काम त्याच्याने उरकत नाही. मग पुन्हा बोचके बांधायचे आणि दुसरे दार ठोठवायचे.

आजच्या भाषेत सांगायचे तर अल्फ्रेडचा अनुभवाचा कागद पाहून कोणत्याही कार्यालयाने त्याला दारातूनच परत पाठवले असते. शिक्षण नाही, कौशल्य अर्धवट, प्रकृती नाजूक आणि एकाही ठिकाणी जम बसलेला नाही!

त्या काळी क्युबेकमधील हजारो कुटुंबे पोटासाठी दक्षिणेकडे अमेरिकेत जात होती. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन लोकांनी असे स्थलांतर केले. न्यू इंग्लंड भागातील कापडगिरण्या त्यांची वाट पाहत असत. १८६३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अल्फ्रेडही त्या वाटेने निघाला. कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड या राज्यांतील गिरण्यांत त्याने काम केले. पहाटे भोंगा, दिवसाचे बारा-बारा तास यंत्रांचा खडखडाट, हवेत कापसाचे तंतू आणि कानावर परकी भाषा. शिवाय तो अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ होता. दक्षिणेकडून येणारा कापूस अडल्यामुळे गिरण्यांच्या कामाचा भरवसा उरला नव्हता. प्रकृती ढासळली की अल्फ्रेड गिरणी सोडून शेतमजुरी करी, जरा बरे वाटले की पुन्हा गिरणीत परते. चार वर्षे असाच तो गावोगाव फिरला. तेथे त्याला कामापुरती इंग्रजी येऊ लागली. पुढे याच भाषेने त्याला किती माणसांपर्यंत पोहोचवले हे आपण पाहणारच आहोत. पण त्या दिवसांत ते शिक्षण आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते.

१८६७ साली कॅनडाचे प्रांत एकत्र येऊन संघराज्य झाले. त्याच सुमारास अल्फ्रेड मायदेशी परतला. चार वर्षांपूर्वी तो जसा रिकाम्या हाताने गेला होता, तसाच जवळजवळ रिकाम्या हाताने आला. पुन्हा गावोगावी मिळेल ते काम करणे सुरू झाले. वय बावीस, बरोबरीच्या तरुणांची शेते होती, संसार होते. याच्याजवळ काय होते?

आशेचे रोजचे काम

या प्रश्नाचे उत्तर त्याला ओळखणाऱ्या माणसांनी पुढे अनेक वर्षे सांगितले. दिवसभराच्या कष्टानंतर अल्फ्रेड प्रार्थनेला बसे. एका शेतकऱ्याकडे कामाला असताना त्याने धान्याच्या कोठारात एक क्रूस लावला होता आणि त्यासमोर तो गुडघे टेकून बराच वेळ घालवी. काम सुटले म्हणून त्याची प्रार्थना सुटली नाही. मालक बदलले, गावे बदलली, पण संध्याकाळचे हे एक काम मात्र कधी बदलले नाही.

आम्हांला यात एक व्यावहारिक शहाणपण दिसते. बेकार माणसाच्या दिवसाचा कणा मोडतो. उठण्याला कारण उरत नाही, झोपण्याला वेळ उरत नाही. अल्फ्रेडने नोकरीच्या पलीकडे आपल्या दिवसाला एक खुंटी ठोकून ठेवली होती आणि त्या खुंटीला त्याचा दिवस बांधलेला होता. मालकाने नाकारले तरी देवासमोर आपण कोणीतरी आहोत, ही जाणीव तो रोज ताजी करून घेत असे.

दुसरी गोष्ट अशी की त्याने प्रत्येक अपयशाचा निवाडा स्वतःवर ओढवून घेतला नाही. चांभारकाम जमले नाही, म्हणजे चांभारकाम जमले नाही. त्याचा अर्थ अल्फ्रेड बेसेट हा निरुपयोगी जीव आहे असा होत नाही. हा फरक सांगायला सोपा आणि जगायला कठीण आहे. दहाव्या नकारानंतरही जो अकराव्या दाराशी नम्रपणे, पण ताठ मानेने उभा राहतो, त्याला हा फरक कळलेला असतो.

तिसरी गोष्ट, तो एकटा राहिला नाही. सें-सेझेरचे धर्मगुरू फादर आंद्रे प्रोव्हाँसाल यांच्याशी त्याने आपले नाते कायम ठेवले. याच गावात त्याला प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण संस्कार मिळाले होते. फादरांनी या मुलाकडे लक्षपूर्वक पाहिले. इतरांना जेथे अपयशी मजूर दिसत होता, तेथे त्यांना प्रार्थनेत मुरलेला माणूस दिसला. संन्यस्त जीवनाचा विचार कर, असे त्यांनीच त्याला सुचवले. अल्फ्रेडने आपली अडचण सांगितली, की मला धड लिहिता-वाचता येत नाही. त्यावर फादरांनी समजावले की मठातील ब्रदर होण्यासाठी विद्वत्ता लागतेच असे नाही. १८७० साली त्यांनी अल्फ्रेडला माँट्रियलमधील पवित्र क्रूस संघाच्या नोत्र-दाम कॉलेजकडे पाठवले. मी तुमच्याकडे एक संत पाठवीत आहे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी संघाला लिहिले होते. पंचविशीतल्या अल्फ्रेडसाठी आयुष्यातील ही बहुधा पहिलीच शिफारस असावी.

आणखी एक नकार

कथा येथे संपली असती तर ती सोयीस्कर झाली असती. परंतु देवाची वाट एवढी सरळ नसते. १८७० च्या डिसेंबरमध्ये अल्फ्रेडने संघात उमेदवारीला प्रारंभ केला. आपल्या हितकर्त्या धर्मगुरूंच्या स्मरणार्थ त्याला आंद्रे हे नाव मिळाले. त्याच महिन्यात, ८ डिसेंबर १८७० रोजी, पोप नववे पायस यांनी संत जोसेफला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून घोषित केले होते. सारे काही जुळून आल्यासारखे वाटत होते.

आणि १८७२ च्या जानेवारीत वरिष्ठांनी निर्णय दिला, की ब्रदर आंद्रे यांची प्रकृती फारच नाजूक असल्यामुळे त्यांना व्रते घेऊ देता येणार नाहीत. ज्या कारणाने चांभाराने, बेकरीवाल्याने आणि गिरणीने त्यांना सोडले होते, त्याच कारणाने आता देवाचे घरही त्यांना सोडू पाहत होते. हा घाव किती खोल असेल याची कल्पना, दीर्घ प्रतीक्षेनंतर लागलेली नोकरी चाचणीच्या काळातच गमावलेल्या माणसाला करता येईल.

ब्रदर आंद्रे यांनी दोन गोष्टी केल्या. त्यांनी प्रार्थना केली आणि त्यांनी शब्दही टाकला. माँट्रियलचे बिशप इग्नास बुर्जे कॉलेजला भेट देण्यास आले असता हा बुजरा तरुण त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि मला फक्त देवाची सेवा करायची आहे, अगदी हलक्यात हलके काम चालेल, अशी त्याने विनवणी केली. बिशपांनी त्याला धीर दिला. पुढे उमेदवारांचे नवे गुरू फादर आमेदे गी यांनी वरिष्ठांपुढे त्याची बाजू मांडली. हा तरुण काम करू शकला नाही, तरी निदान प्रार्थना तरी उत्तम करील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २२ ऑगस्ट १८७२ रोजी ब्रदर आंद्रे यांनी प्रथम व्रते घेतली आणि २ फेब्रुवारी १८७४ रोजी अंतिम व्रते घेतली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. आशा म्हणजे हात जोडून वाट पाहणे एवढेच नव्हे. मदतीसाठी हात पुढे करणे, शब्द टाकणे, पुन्हा विचारणे यात कमीपणा नाही. तोही आशेचाच भाग आहे. आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने दुसऱ्यासाठी तो खर्च करणे ही ख्रिस्ती दया आहे. फादर प्रोव्हाँसाल, बिशप बुर्जे आणि फादर गी या तिघांनी आपला शब्द खर्च केला नसता, तर आज जगाला हा संत लाभला नसता.

दाराशी चाळीस वर्षे

संघाने त्यांना काम दिले ते कॉलेजच्या द्वारपालाचे. घंटा वाजली की दार उघडायचे, पाहुण्याला बसवायचे, आत निरोप द्यायचा. त्याशिवाय फरशा पुसणे, दिव्यांची व्यवस्था पाहणे, पत्रे आणि धुण्याच्या कपड्यांची ने-आण करणे, विद्यार्थ्यांचे केस कापणे अशी अनेक किरकोळ कामे त्यांच्याकडे होती. सुमारे चाळीस वर्षे ते या दाराशी राहिले. पुढे ते गमतीने सांगत असत, की मी मठात आलो तेव्हा वरिष्ठांनी मला दार दाखवले आणि मी तेथेच चाळीस वर्षे राहिलो.

बारा वर्षे दुसऱ्यांची दारे ठोठावलेल्या माणसाच्या हाती देवाने दाराचीच किल्ली दिली, यातील अर्थ सांगण्याची गरज नाही. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय असते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून कोणी दाराशी आले की ते त्याचे ऐकून घेत, त्याच्यासह प्रार्थना करीत, संत जोसेफच्या प्रतिमेपुढील दिव्याचे थोडे तेल देत आणि संत जोसेफची विनवणी करायला सांगत. हळूहळू बातमी पसरली. रोगी बरे होऊ लागले, दुःखी लोक शांत होऊन परतू लागले. माणसांची रीघ लागली. इंग्रजी बोलणारे लोकही येत आणि गिरण्यांतील दिवसांत कानावर पडलेली ती भाषा आता उपयोगी पडे. जी वर्षे वाया गेली असे वाटले होते, त्यांतील एकही वर्ष देवाने वाया जाऊ दिले नाही.

गर्दी वाढली तशा तक्रारीही वाढल्या. शाळेच्या दारात रोग्यांची वर्दळ पालकांना आवडेना. कॉलेजच्या वैद्यांनी आक्षेप घेतला. तेव्हा वरिष्ठांनी त्यांना समोरच्या ट्रामथांब्यावर लोकांना भेटण्यास सांगितले. ब्रदर आंद्रे निमूटपणे तेथे गेले. रोगी बरे झाल्याचे श्रेय कोणी त्यांना दिले की ते संतापत आणि हे संत जोसेफचे काम आहे, असे बजावत. शेवटपर्यंत ते संतापी होतेच. दिवसभराच्या गर्दीने थकून कधी कोणाला तोडून बोलत आणि मग त्याचे त्यांना अतिशय वाईट वाटे. संत हेही माणसेच असतात याची ही खूण आहे.

कॉलेजसमोरील माउंट रॉयल टेकडीवर संत जोसेफचे मंदिर व्हावे, असा त्यांचा ध्यास होता. १८९६ साली संघाने ती जागा विकत घेतली. विद्यार्थ्यांचे केस कापून मिळालेली नाणी ब्रदर आंद्रे यांनी या कामासाठी जपून ठेवली होती. १९ ऑक्टोबर १९०४ रोजी तेथे एक लाकडी प्रार्थनाघर उघडले. त्याचा आकार होता अवघा १५ फूट बाय १८ फूट. १९०९ साली ब्रदर आंद्रे यांना द्वारपालाच्या कामातून मुक्त करून या प्रार्थनाघराचा रखवालदार नेमण्यात आले. १९१७ साली हजार माणसे बसतील असे तळघरातील चर्च तयार झाले आणि १९२४ साली त्यावर भव्य महामंदिराचे बांधकाम सुरू झाले.

छप्पर नसलेले मंदिर

१९२९ साली जगावर महामंदीचे संकट कोसळले. कॅनडात १९३३ सालापर्यंत कामकऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक लोक बेकार झाले. माँट्रियलमध्ये फुकट अन्न वाटपाच्या रांगा लागल्या. ब्रदर आंद्रे तेव्हा ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात होते. त्यांच्या छोट्याशा कार्यालयापुढे आता रोग्यांबरोबरच काम गमावलेले कुटुंबप्रमुखही उभे राहू लागले. त्यांना ते कामगार संत जोसेफकडे पाठवत. ज्याने हेरोदाच्या भीतीने रातोरात सुतारकामाचे दुकान सोडले, बायकोमुलांसह परक्या मिसर देशात जाऊन नव्याने काम शोधले, त्याला बेकाराचे दुःख समजावून सांगावे लागत नाही, ही त्यामागची श्रद्धा होती.

मंदीचा तडाखा मंदिरालाही बसला. पैसा आटल्यामुळे १९३१ साली बांधकाम थांबले. भिंती उभ्या, वर आकाश उघडे. पाच वर्षे बर्फ आणि पाऊस आत पडत राहिला. १९३६ साली, काम पुढे न्यावे की सोडून द्यावे, याचा विचार करण्यासाठी संघाचे वरिष्ठ जमले असता वृद्ध ब्रदर आंद्रे यांचे मत विचारण्यात आले. त्यांनी साधा उपाय सुचवला. संत जोसेफचा पुतळा त्या उघड्या मंदिराच्या मध्यभागी नेऊन ठेवा. त्याला डोक्यावर छप्पर हवे असेल तर तो ते मिळवील. मिरवणुकीने पुतळा नेण्यात आला. ब्रदर आंद्रे यांच्या वृद्ध पायांना ती चढण झेपली नाही.

त्यांनी ते छप्पर पाहिले नाही. वर्षअखेरीस ते आजारी पडले आणि ६ जानेवारी १९३७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ज्या इस्पितळात त्यांनी अखेरचा श्वास घेतला त्याचे नाव होते आशामाता मरियेचे इस्पितळ. बर्फ आणि पावसाची पर्वा न करता सुमारे दहा लाख लोक त्यांच्या अंत्यदर्शनासाठी टेकडी चढून गेले. एके काळी ज्याला कोणी कामावर ठेवायला तयार नव्हते, त्याच्या दर्शनासाठी अख्खे शहर रांगेत उभे होते. त्याच वर्षी मंदिराचे काम पुन्हा सुरू झाले आणि १९६७ साली ते पूर्ण झाले. आजही श्रद्धाळू त्याच्या पायऱ्यांपैकी ९९ लाकडी पायऱ्या गुडघ्यांवर चढून जातात.

गिरणीकामगार ते संत

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २३ मे १९८२ रोजी ब्रदर आंद्रे यांना धन्य घोषित केले. हे वर्ष आपण मराठी माणसे विसरू शकत नाही. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते आणि त्यांतील असंख्य जणांना पुन्हा गिरणीचे दार कधीच उघडले नाही. गिरणगावाच्या चुली विझत असताना रोममध्ये एका जुन्या गिरणीकामगाराला वेदीचा मान मिळत होता. तेव्हा ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या कानी आली असेल? १७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचा स्मृतिदिन ६ जानेवारी रोजी, तर कॅनडात ७ जानेवारी रोजी पाळला जातो.

पुढे २०२० साली कोविडच्या महासाथीत टाळेबंदी झाली आणि आपल्याही घराघरांतील नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबर रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत जोसेफ वर्ष जाहीर केले आणि त्या निमित्ताने लिहिलेल्या पत्रात काम गमावलेल्यांच्या वेदनेचा आवर्जून उल्लेख केला. संत जोसेफ आणि बेकार माणूस यांचे नाते ब्रदर आंद्रे यांनी जे ओळखले होते, त्याचीच ही पुन्हा एकदा ओळख होती.

आपल्यासाठी बोध

संत जोसेफची नऊ दिवसांची प्रार्थना केली की दहाव्या दिवशी नेमणुकीचे पत्र येते, असा सौदा संत आंद्रे यांनी कधी शिकवला नाही. त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेला उत्तर मिळण्यास बारा वर्षे लागली आणि मिळाले ते कामही जगाच्या दृष्टीने सर्वांत हलके होते. प्रार्थनेने त्यांची प्रतीक्षा कमी केली नाही. तिने त्या प्रतीक्षेत त्यांना कडवट होऊ दिले नाही. आम्हांला वाटते, ख्रिस्ती आशेची ओळख यातच आहे.

प्रभू येशूने द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला सांगितला, त्यात दिवस कलेपर्यंत बाजारात उभे असलेले काही लोक आहेत. ते रिकामे का, असे विचारता त्यांनी सांगितले की आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. या लोकांकडे आपण पुष्कळदा आळशी म्हणून पाहतो. परंतु उन्हे उतरली तरी ते घरी गेले नाहीत, बाजारातच उभे राहिले, ही त्यांची केवढी मोठी श्रद्धा! धन्याची हाक आली तेव्हा ते जागेवर होते. अल्फ्रेड बेसेट असाच बाजारात उभा राहिला. ज्यांची शोधाशोध आज लांबली आहे, त्या आमच्या बंधुभगिनींना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की आपली जागा सोडू नका. अर्ज करीत राहा, विचारीत राहा, मिळेल ते प्रामाणिक काम लहान मानू नका आणि रविवारी प्रभूच्या मेजापासून दूर राहू नका. येथे येण्यासाठी कोणाला नोकरीचा दाखला द्यावा लागत नाही.

आणि ज्यांच्या हाती काम आहे, त्यांच्यावर संत आंद्रे एक जबाबदारी टाकून गेले आहेत. आपापल्या धर्मग्रामात आपण सारे द्वारपाल आहोत. कोणाच्या ओळखीने एखादे दार उघडू शकते, कोणी अर्ज नीट लिहून देऊ शकतो, कोणी मुलाच्या शाळेची फी गुपचूप भरू शकतो, तर कोणी केवळ अर्धा तास बसून ऐकू शकतो. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद आणि लहान ख्रिस्ती समूहांचे प्रमुख यांनी आपल्या परिसरातील बेकार कुटुंबांची चौकशी अशा रीतीने करावी, की त्यांच्या स्वाभिमानाला धक्का लागणार नाही. चर्चच्या पटांगणात आपण त्यांना सध्या कुठे काम करता असे विचारण्याऐवजी, घरी सर्व कसे आहेत असे विचारले, तरी एक दार किलकिले होईल.

संत आंद्रे बेसेट, काम शोधणाऱ्या सर्वांसाठी प्रार्थना करा. संत जोसेफ, आमच्या घरांवरील छप्पर राखा.